घबाडाची बढाई

जुन्या घड्याळांच्या हौशी मंडळींत हल्ली एक सल्ला फार मिरवला जातो. नावाजलेल्या विक्रेत्याकडून जुनं घड्याळ घेणं म्हणजे पैशाची उधळपट्टी. खरा दर्दी गल्लीबोळातल्या घड्याळजीकडे जातो, जुन्या वसाहती हेरतो, निवृत्त माणसांशी गोड बोलतो आणि बाजारात पाच-सहा हजारांना जाणारं घड्याळ तीनशे-चारशेत उचलून आणतो. मग मित्रांपुढे मनगट धरून विचारतो, "ओळख, कितीला?" समोरचा जितका चुकेल तितकी याची छाती फुगते. या उद्योगाला ही मंडळी शिकार म्हणतात, हाती लागलेल्या मालाला घबाड म्हणतात आणि वर ऐकवतात की, आम्ही वारसा वाचवतो आहोत.

आमची आरे कॉलनीही या शिकाऱ्यांच्या यादीत आहे. इथे जुन्या घड्याळांचा बाजार भरत नाही, पण बाजार नाही हेच तर त्यांचं आकर्षण. १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेला उभी राहिलेली ही दूध वसाहत. तीन हजारांहून अधिक एकर जमीन, तबेल्यांची युनिटं, डेअरीच्या कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स आणि या सगळ्याच्या आधीपासून असलेले आदिवासी पाडे. अंधारात उठून म्हशींची धार काढायची, शहराला जाग यायच्या आत दूध केंद्रांवर पोचवायचं, हे इथलं काम. उशीर झाला तर अर्ध्या मुंबईचा चहा अडायचा. असं काम करणाऱ्या माणसाला घड्याळ ही चैन नव्हती, हत्यार होतं. त्यामुळे इथल्या एखाद्या ट्रंकेत, कपाटाच्या लॉकरमध्ये किंवा देवघराच्या खणात चावीचं घड्याळ पडून असतं हे खरं आहे. शिकाऱ्यांना त्याचाच वास लागतो.

त्यांच्या सल्ल्याला तीन खांब आहेत. छोट्या दुकानदाराला मालाची किंमत कळत नाही, म्हणून तिथे स्वस्त मिळतं. घरातल्या माणसाला घड्याळ नको असतं आणि आपल्याला हवं असतं, म्हणून व्यवहारात दोघांचाही फायदा. आणि आपण घेतलं नसतं तर ते भंगारात गेलं असतं, म्हणून ही सेवाच. तिन्ही खांब पोकळ आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: जिथे घासाघीस करणं रास्त आहे तिथे घबाड मिळत नाही, आणि जिथे घबाड मिळतं तिथे ते रास्त नसतं.

पहिला खांब. दुकानदाराला कळत नाही म्हणे. कुठल्या दुकानदाराला? मुंबईतल्या?

या शहराला घड्याळाची किंमत कळत नाही असं समजणाऱ्याने १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं १२३ वं कलम वाचावं. जप्त केलेला माल चोरट्या मार्गाने आलेला नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी हे कलम ज्याच्याकडे तो सापडला त्याच्यावरच टाकतं. ते कुठल्या मालाला लागू आहे? सोनं, सोन्याच्या वस्तू आणि त्यांच्या लगेच पुढे घड्याळं. सरकारने कायद्यात ज्या वस्तूला सोन्याच्या मांडीला मांडी लावून बसवलं, तिचा भाव बंदराच्या शहराला ठाऊक नसेल? परदेशी घड्याळ हातात असणं म्हणजे काय, ते कुठून आलं असेल आणि कितीला जाईल, हे इथल्या व्यापाऱ्याला तोंडपाठ होतं. फाव्र-ल्युबा आणि वेस्ट एंड ही घड्याळांची नावं तर मुंबईच्या दोन-तीन पिढ्यांच्या घरातली.

देशी म्हणाल तर एचएमटी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने १९६१ साली बंगळूरला कारखाना सुरू झाला. मागणी अशी की 'कांचन'सारखं मॉडेल जावयाला द्यायचं म्हणून लोक छापील किमतीपेक्षा जास्त मोजायचे. पुढे २०१४ मध्ये कंपनी गाशा गुंडाळणार अशी बातमी आली, जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली आणि 'जनता', 'पायलट', 'सोना' यांच्यावर उड्या पडल्या. भाव चढले. ही बातमी सगळ्यात आधी कोणाच्या कानावर गेली असेल? दिवसभर घड्याळंच हाताळणाऱ्या दुकानदाराच्या की सुटीच्या दिवशी फिरायला निघालेल्या हौशी माणसाच्या?

तरी प्रयोग करून पाहायचा असेल तर सोय उत्तम झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून आरे जेव्हीएलआर स्टेशनवर मेट्रोत बसलं की गाडी न बदलता ग्रँट रोडला उतरता येतं. तिथून चालत चोर बाजार, मटन स्ट्रीट. शुक्रवारी रस्त्यावरच पथाऱ्या पसरलेल्या असतात. एका पथारीवर घड्याळांचा ढीग असतो आणि त्या ढिगात एक 'पायलट' असतो. भाव विचारा, घासाघीस करा, निम्म्यावर आणा. दुकानदार कपाळावर हात मारेल, "साहब, घाटे में दे रहा हूँ" म्हणेल आणि घड्याळ तुमच्या हातात ठेवेल. तुम्ही जिंकलात.

आता ते घड्याळ नीट पाहा. जुन्या पायलटची ओळखीची तबकडी काळी, तिच्यावर पांढरे ठसठशीत आकडे. पथारीवरचा पायलट मात्र पिवळा, नारिंगी, पोपटी कसाही असतो. कधी त्यावर लष्करी सामानावर असते तशी बाणाची खूण असते, म्हणजे गिऱ्हाइकाला युद्धाचा वास यावा. डोळ्याला भिंग लावा. मिनिटांच्या रेघा बाराजवळ जागेवर आहेत, पण चारपर्यंत येता येता आकड्यांपासून सरकल्या आहेत. कंपनीच्या नावाची अक्षरं कडेला फुटली आहेत, ओल्या कागदावर शाई पसरते तशी. काटे जिथे बसतात त्या मधल्या भोकाच्या काठावर रंगाचा जाड थर आहे. सहाच्या खाली कारखान्याचा बारीक मजकूर हवा, तिथे कोरी जागा किंवा वाचता न येणारा गिचमिडकाला. झाकण उघडलं तर आत एचएमटीचं अस्सल ०२३१ मशीन निघेलही, पण झाकण दुसऱ्या घड्याळाचं, चावी तिसऱ्याची आणि काटे चौथ्याचे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

जुन्या सिको फाइव्हची परीक्षा तर त्याहून सोपी. मागच्या झाकणावर आधी मशीनचा चार आकडी क्रमांक असतो, उदाहरणार्थ ७००९, आणि त्यापुढे केसचा. तबकडीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांतही मशीनचा क्रमांक छापलेला असतो. दोन्हीकडचं मशीन एकच असायला हवं. शिवाय झाकणावरच्या अनुक्रमांकाचा पहिला आकडा म्हणजे घड्याळ बनलं त्या वर्षाचा शेवटचा आकडा. एवढं पाहायला दोन मिनिटं पुरतात. शिकारी ती दोन मिनिटं देत नाही, कारण तेवढ्यात दुकानदाराचं मन बदलेल अशी त्याला भीती असते. दुकानदाराचं मन बदलणार नसतं. आपण काय विकतो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मालाची जेवढी लायकी होती तेवढाच भाव त्याने घेतला. त्या व्यवहारात अज्ञान होतं, पण ते दुकानदाराचं नव्हतं.

इथे पोचल्यावर हौशी मंडळी पवित्रा बदलतात. मग ते मुंबईच्या कारागिरांना शिव्या घालतात. जगभरच्या संग्राहकांनी रंगवलेल्या, जुळवाजुळव केलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' असं कुत्सित नाव दिलं आहे. आमचे शिकारी तेच नाव पोपटासारखं म्हणतात आणि सगळं खापर रंगवणाऱ्यावर फोडतात. हा चोराच्या उलट्या बोंबांचा प्रकार आहे.

तबकडी रंगवण्याचा उद्योग मुळात फसवणुकीसाठी सुरू झाला नाही. मुंबईची हवा आठवा. जून ते सप्टेंबर कपाटातली चप्पल पांढरी होते, तिथे घड्याळाची काय कथा. आरेत तर झाडी, तलाव आणि पाठीला राष्ट्रीय उद्यान. चावीच्या भोकातून ओल आत शिरते, तबकडीच्या लाखेवर डाग पडतात, काट्यांना गंज चढतो. पूर्वी गिऱ्हाईक असं घड्याळ घेऊन यायचं आणि म्हणायचं, "नव्यासारखं करून द्या." दुकानाचा बोर्ड दर काही वर्षांनी रंगवून घ्यावा, तितकंच साधं ते काम होतं. घड्याळ त्याचं, पैसे त्याचे, इच्छा त्याची. त्यात खोटं काही नव्हतं. खोटेपणा सुरू झाला तो तेच घड्याळ 'अस्सल, कारखान्यातून आलं तसं' म्हणून विकायला लागल्यावर. आणि तसं विकावं लागलं कोणासाठी? ज्याला पन्नास वर्षांचं घड्याळ हवं, पण त्यावर एक डाग नको, ओरखडा नको आणि किंमत हजाराच्या आत हवी, त्या गिऱ्हाइकासाठी. असं घड्याळ जगात नसतं. नसलेली वस्तू मागणारा रोज दारात उभा राहिला की ती बनवून देणारा कोणीतरी निघतोच. मुंबई स्पेशलचा खरा जनक घबाड शोधणारा आहे. कारागीर फक्त मजुरी घेतो, आणि तीही थोडीच.

आता दुसऱ्या प्रकारचं दुकान. गोरेगाव, जोगेश्वरी, अंधेरीत स्टेशनलगतच्या गल्ल्यांत, जिन्याखालच्या जागेत, एका काचेच्या पेटीमागे बसणारा घड्याळजी. सेल बदलणं, पट्टा लावणं यावर त्याचं घर चालतं. चावीचं घड्याळ आता क्वचित येतं. शिकारी त्याच्याकडे सेल बदलायच्या निमित्ताने जातो, दोन गोष्टी बोलतो आणि हळूच विचारतो, "काका, जुनी काही पडून आहेत का?" काका खण उघडतात. खणात पंधरा-वीस घड्याळं, प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि पिवळट पडलेली तारीख. दुरुस्तीला टाकलेली, पण कोणी परत न नेलेली. त्यातलं एक शिकारी उचलतो. काका म्हणतात, "माझी मजुरी द्या आणि घेऊन जा."

झाली शिकार. पण ते घड्याळ काकांचं होतं का? पावतीच्या मागे छापलेलं असतं की, तीन महिन्यांत न नेल्यास आमची जबाबदारी नाही. जबाबदारी नाही म्हणजे मालकी आली असं नव्हे. १८७२ च्या करार कायद्याचं १७० वं कलम कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क देतं. अडवून ठेवायचा, परस्पर विकायचा नव्हे. काकांना हे ठाऊक नसेल, त्यांचा दोष मी काढत नाही. अडगळ झालेली आहे, मजुरी बुडालेली आहे, जागा चार हातांची आहे. पण स्वतःला जाणकार म्हणवणाऱ्याने चिठ्ठीवरचं नाव वाचून एवढं तरी विचारावं, "यांना कळवलं होतं का?" तो विचारत नाही. घरी गेल्यावर पहिलं काम तो करतो ते म्हणजे ती चिठ्ठी काढून टाकणं.

रस्त्यावर, बिलाशिवाय, नाव न सांगणाऱ्या माणसाकडून बाजारभावाच्या दहाव्या हिश्शात घड्याळ घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखाली गुन्हा आहे. "मला काय माहीत?" हे उत्तर नेहमी चालेलच असं नाही. कधी कधी भाव इतका पडेल असतो की तोच शंकेला कारण ठरतो. ज्या आकड्याची तुम्ही मित्रांत बढाई मारता, तोच आकडा उद्या तुमच्याविरुद्ध बोलू शकतो.

म्हणजे पहिला खांब गेला. जो दुकानदार जाणकार आहे तो घबाड देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडचं बहुधा त्याचं नसतं.

दुसरा खांब घरांचा. इथे घबाड खरोखर मिळतं, हे मी मान्य करतो. म्हणूनच इथे जास्त बोलायला हवं.

समजा, क्वार्टर्समधल्या एका घरात एका काकूंच्या दिवंगत यजमानांमागे राहिलेलं फाव्र-ल्युबाचं सी चीफ आहे. तबकडीला वयाची पिवळी झाक आलेली, पण मूळची, कोणी हात न लावलेली. चावी फिरते, घड्याळ दोन मिनिटं चालतं आणि थांबतं. जाणकाराला याचा अर्थ तत्काळ कळतो: तेल सुकलं आहे, बहुतेक उघडून साफ केलं की चालेल. शिकारी घड्याळ कानाला लावतो, चेहरा पाडतो आणि बोलतो, "काकू, हे बंद आहे. मशीन गेलंय. याचे पार्ट आता मिळत नाहीत. भंगारवाला शंभरसुद्धा देणार नाही. मी तीनशे देतो, मला आवड आहे म्हणून." चार वाक्यं पार पडेपर्यंत काकूंचा निर्णय झालेला असतो. त्या वर चहाही देतात.

या बोलण्यातलं एकही वाक्य तो स्वतः खरं मानत नाही. मशीन गेलेलं नाही हे त्याला कळलं आहे. पार्ट कुठे मिळतात हे त्याला ठाऊक आहे. भाव तर त्याला नीटच ठाऊक आहे, नाहीतर तो आलाच नसता. आणि 'आवड आहे म्हणून' हे तर वरचं तूप. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

यावर ठरलेलं उत्तर येतं. "बाजारात प्रत्येक जण आपलं ज्ञान वापरतो. मी वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्याचं फळ मी घ्यायचं नाही का? काकूंवर कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्यांना तीनशे मिळाले, मला घड्याळ. दोघंही खूश." हे उत्तर वाटतं तितकं फालतू नाही, म्हणून त्याला नीट उत्तर देतो.

ज्ञानाचं फळ घेण्याला माझी ना नाही. चोर बाजारातल्या दुकानदाराच्या ढिगात त्याच्या नजरेतून सुटलेली अस्सल तबकडी तुम्हाला दिसली, तुम्ही गप्प राहून सांगितलेला भाव मोजलात, तर माझ्या लेखी तुम्ही बहाद्दर. तो व्यापारी आहे. भाव त्याने सांगितला, माल पारखून विकणं हा त्याचा धंदा, आज तो हरला तर उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकावर जिंकेल. दोघंही एकाच आखाड्यातले. काकू त्या आखाड्यात उतरलेल्याच नाहीत. त्यांनी दुकान मांडलं नव्हतं, भाव सांगितला नव्हता. उलट त्यांनी तुम्हालाच विचारलं, "तुम्हाला कळतं त्यातलं, तुम्हीच सांगा." ज्या क्षणी त्यांनी हे विचारलं त्या क्षणी तुम्ही त्यांचे सल्लागार झालात. सल्लागार म्हणून खोटं सांगायचं आणि गिऱ्हाईक म्हणून त्या खोट्याचा फायदा घ्यायचा, हे ज्ञानाचं फळ नव्हे.

आणि कायद्यानेही हीच रेघ ओढली आहे, ती मी माझ्या पदरची ओढलेली नाही. करार कायद्याचं १७ वं कलम म्हणतं की नुसतं गप्प राहणं ही सहसा फसवणूक ठरत नाही. पण जे खरं नाही आणि खरं आहे असं आपणही मानत नाही, ते खरं म्हणून सांगणं ही फसवणूक आहे. अशा फसवणुकीने झालेला करार १९ व्या कलमाप्रमाणे फसवलेल्या माणसाला रद्द करता येतो. भाव माहीत असून तोंड मिटून बसलात तर तो तुमच्या मनाचा प्रश्न. "मशीन गेलंय" म्हणालात की तो कायद्याचा प्रश्न झाला. अर्थात काकू कोर्टात जाणार नाहीत. त्यांना आपण फसलो हेच कधी कळणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने विकत घेणाऱ्याला व्यापाऱ्यापासून संरक्षण दिलं. घरातली वस्तू विकणाऱ्या साध्या माणसाला जाणत्या गिऱ्हाइकापासून वाचवायला जिल्हा आयोग नाही. ज्याला दाद मागायला दार नाही त्याच्याशीच आपण व्यवहार करायचा, आणि तो कुरकुरला नाही म्हणून खूश होता असं समजायचं, हा कसला न्याय?

उरला तिसरा खांब, वारशाचा. हा सगळ्यांत चकचकीत. "आम्ही घेतलं नसतं तर भंगारात गेलं असतं."

कधी कधी हे खरं असतं. घर रिकामं करताना मुलं घड्याळांसकट ट्रंक भंगारवाल्याच्या ताब्यात देतात आणि एखादा हौशी माणूस त्यातून एक-दोन वाचवतो. त्याचे आभारच मानायला हवेत. पण वाचवणं आणि स्वस्तात उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योग्य किंमत देऊनही घड्याळ वाचतंच. तीनशेला घेतलं तर वाचतं आणि तीन हजारांना घेतलं तर मरतं, असं काही यंत्रशास्त्र नाही.

उलट स्वस्ताईने घड्याळ मरतं. एचएमटीच्या जनतामधलं ०२३१ मशीन तासाला १८,००० ठोके टाकतं, दिवसाला ४,३२,०००. वर्षभर चालवलं तर पंधरा कोटींच्या वर. या प्रत्येक ठोक्याला केसाएवढ्या जाडीची टोकं खड्यांत फिरत असतात आणि मध्ये तेलाचा एक थेंबही नव्हे, थेंबाचा अंश असतो. तो सुकला की धातू खड्यावर घासतो. घड्याळ चालतं, वेळही बरी दाखवतं आणि आतून झिजत जातं. म्हणून जुनं घड्याळ घेतलं की पहिला खर्च उघडून, धुऊन, तेल घालून घेण्याचा. आता ज्याने तीनशेला घेतल्याची फुशारकी मारली तो त्यावर हजार रुपये सर्व्हिसिंगला घालील का? घातले तर त्याच्या घबाडाचा हिशेबच कोसळतो. म्हणून तो तसंच चालवतो. बंद पडलं की त्याच भावात दुसरं घेतो आणि एक चालू ठेवायला दोन फोडतो. वारसा वाचवणाऱ्याच्या खणात सुट्या पार्टांचा डबा भरत जातो तो असा.

आणि वारसा म्हणजे नेमकं काय? आरेचे शिल्पकार दारा खुरोडी यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांचं नाव इतिहासात आहे आणि ते असायलाच हवं. पण रात्री दोनला कंदील घेऊन तबेल्यात जाणाऱ्या, बाटल्या धुणाऱ्या, बर्फासारख्या थंडीत शीतगृहात उभं राहणाऱ्या माणसाचं नाव कुठल्या पुस्तकात सापडेल? एखाद्याचं सापडतं ते निरोपाला मिळालेल्या घड्याळाच्या मागच्या झाकणावर: नाव, खातं, सेवानिवृत्तीची तारीख, सुईने कोरलेलं, जरा वाकडं. शिकाऱ्याच्या बाजारात अशा झाकणाचा भाव कमी असतो, कारण त्याला 'स्वच्छ' झाकण हवं असतं. मग बफिंगच्या चाकावर ते नाव घासून काढतात. एका माणसाच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीचा घड्याळावरचा पुरावा मिनिटभरात नाहीसा होतो आणि घड्याळाची किंमत वाढते. याला वारसा वाचवणं म्हणणाऱ्याच्या हातून देवाने उरलेला वारसा वाचवावा.

खरोखर वाचवण्याजोगं काही असेल तर तो जिन्याखालचा घड्याळजी आहे. घड्याळं कोट्यवधी बनली, ती आणखी पन्नास वर्षं सापडत राहतील. पण बॅलन्सची वाकडी स्प्रिंग चिमट्याने सरळ करणारा हात पुन्हा सापडणार नाही. क्वार्ट्‌झ घड्याळं आली तेव्हापासून त्याचं काम आटत गेलं, मोबाइल आल्यावर आणखी आटलं. त्याच्या मुलाने दुसरी नोकरी धरली, आणि योग्यच केलं. दुकान बंद होतं तेव्हा त्याची चिमटी, खड्यांच्या बाटल्या आणि वर्षानुवर्षं जमवलेले पार्ट किलोच्या भावाने जातात. हा माणूस टिकायचा असेल तर त्याला त्याच्या कौशल्याचे पैसे मिळायला हवेत. पण जो घड्याळ घेताना घासाघीस करतो तो दुरुस्तीलाही करतोच. "काका, एवढे? तीनशेला तर घड्याळ आणलंय!" हे वाक्य घड्याळजीच्या काचेसमोर उच्चारलं जातं तेव्हा वारशाचा खरा लिलाव होत असतो.

याचा अर्थ जुनी घड्याळं घेऊच नयेत असा नाही. जरूर घ्यावीत. त्या छंदात डोळा तयार होतो, हात शांत होतो, आणि आपल्या शहराचा एक कोपरा नव्याने कळतो. फक्त रीत सोडू नये. बाजारात मनसोक्त घासाघीस करा, पण बिल मागा, आणि तबकडी रंगवलेली असेल तर तसं बिलावर लिहून घ्या. वर्णन करून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच असला पाहिजे, असं १९३० चा मालविक्री कायदा सांगतो. घड्याळजीच्या खणातलं घ्यायचं तर चिठ्ठीवरच्या नावाला आधी निरोप पाठवायला लावा. कोणाच्या घरात जात असाल तर भाव आधी तुम्ही सांगा: हे साधारण इतक्याला जातं, सर्व्हिसिंगला इतका खर्च येईल, म्हणून मी इतके देतो. काकूंनी मग ठरवावं. कदाचित त्या विकणार नाहीत, नातवाला देतील. तेही बरंच झालं म्हणा. डाग पडलेली मूळ तबकडी तशीच राहू द्या, झाकणावरचं नाव घासू नका, आणि दुरुस्तीचे पैसे घड्याळजीने मागितले तितके द्या.

असं केल्यावर घड्याळ स्वस्त पडणार नाही. पडू नयेच. पन्नास वर्षं चाललेल्या आणि आणखी पन्नास वर्षं चालू शकणाऱ्या वस्तूची किंमत वडापावच्या गाडीवर ठरत नसते. तेव्हा यापुढे कोणी मनगट पुढे करून "ओळख, कितीला?" असं विचारलं, तर आकडा ओळखत बसू नका. उलट त्यालाच विचारा, "विकणाऱ्याला खरा भाव सांगितला होतास का?" तो चाचरला, तर त्याच्या मनगटावर आहे ती शिकार नव्हे, सरळ सरळ लबाडी आहे, आणि तिचं कौतुक करायला आपण बांधील नाही.